परवाची काच

सूर्य हा सृष्टीचा अन्नदाता आहे, आणि फार थोड्या माणसांना आपलं सगळं आयुष्य त्याच्या सेवेला वाहता येतं. आमचे सर त्या थोड्यांपैकी होते. उभी हयात त्यांनी सूर्यप्रकाशापासून वीज करण्याच्या कामात घालवली. या काळात ते उन्हात गेल्याचं मात्र कुणी पाहिलेलं नाही.

हैद्राबादेत हे जमवायला कसब लागतं. सर उजाडायच्या आत घरातून निघायचे आणि मावळल्यावर परतायचे. मधे कुठं जायची वेळ आलीच, तर काळी छत्री, काळा चष्मा आणि डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेला पंचा. एकदा नव्या वॉचमननं त्यांना गेटवर अडवून "किसकू मिलना, अम्मा?" असं विचारलं होतं. सरांनी शांतपणे सांगितलं, "मेरेकूच मिलना," आणि आत आले.

आमची प्रयोगशाळा तळघरात होती. खिडकी एकच, तिलाही जाड पडदा. सूर्य हवा असेल तेव्हा आमच्याकडं एक दिवा होता. बटण दाबलं की अगदी ठरलेल्या मापाचा सूर्य काचेवर पडायचा, आणि बटण दाबलं की मावळायचा. खऱ्या सूर्याबद्दल सरांचं मत चांगलं नव्हतं. "तो मोजून पडत नाही," ते म्हणायचे. "आणि इथला तर बिलकुल पाहुण्यासारखा. एप्रिलमध्ये येतो, नंतर उठायचं नावच घेत नाही."

सरांचं घराणं जुनं हैद्राबादी. पणजोबांपासून सरकारी नोकरी. कुठल्या सरकारची, ते त्यांच्या घरात विचारत नसत. सरकारं बदलली, टेबल तेच राहिलं. त्यांच्या मराठीत निम्मी मराठी होती. उरलेली दखनी, आणि राग आला की तेलुगू. पुण्यामुंबईचं कुणी आलं, की ते मुद्दाम 'हौ' आणि 'नक्को' जास्त पेरायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघत बसायचे.

मी त्यांच्याकडं पीएचडीला गेले, ती सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्समधून. माझे आजोबा नांदेडहून आले ते रेल्वेत लागले, आणि मग वडीलही रेल्वेतच. आमचं आडनाव सांगितलं की माणसं क्षणभर थांबतात. टाइमटेबलमध्ये स्टेशन शोधावं तशी नजर वरखाली फिरवतात, आणि सापडलं की "अच्छा, अच्छा" म्हणतात. सरांनी आडनाव विचारलं, ऐकलं आणि विसरले. पुढच्या चार वर्षांत त्यांना ते एकदाही आठवलं नाही.

"गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

"आजोबा नांदेडचे. मी दोनदाच गेलेय, लग्नांना."

"चल नांदेड, हात धुऊन ये. कोरडे करून ये. ओल्या हाताचं माणूस मला इथं नक्को."

तेव्हापासून मी नांदेड. माझ्याबरोबर काम करणारी, ऐकून ऐकून मराठी बोलायला शिकलेली तेलुगू मुलगी वरंगल. शिष्यवृत्तीच्या शिफारसपत्रातही त्यांनी 'कु. नांदेड या अतिशय कष्टाळू आहेत' असं लिहिलं होतं, आणि ऑफिसनं ते तसंच पुढं पाठवलं. मंजूर झालं.

आम्ही ज्याच्या मागं होतो, त्या पदार्थाचं नाव पेरोव्हस्काइट. नावावरून वाटतं तेवढा तो थोर दिसत नाही; काचेवर काजळी धरावी तसा काळा पातळ थर असतो. पण ऊन विजेत बदलण्यात पटाईत. साध्या सिलिकॉनच्या पॅनलपेक्षा करायला सोपा. बहुतेक लोक त्यात सेंद्रिय रेणू घालतात, पण ते उष्णतेनं उडून जातात. सर त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. "सेंद्रिय भाजी खावी. सेंद्रिय सेल कायकू करायचा? ज्याला जन्मभर उन्हात ठेवायचं, तोच उन्हाला घाबरतो, असं कुठं असतं का?" हे ते पडदा नीट ओढून घेत म्हणायचे.

म्हणून आमचा पदार्थ अस्सल असेंद्रिय. सीझियम, शिसं आणि आयोडीन. हा उन्हाला घाबरत नाही. हा घाबरतो दमट हवेला. काळा थर जरा ओल्या हवेत आला, की पिवळा पडतो. पदार्थ तोच, फक्त आतली रचना बदलते. पण पिवळ्या काचेतून वीज म्हणावी अशी निघत नाही. दिवसभर खपून काच करायची, तव्यावर भाजायची, काळी कुळकुळीत झाली की जीव हरखायचा, आणि चार दिवसांनी यावं तर टेबलावर पिवळा तुकडा. सर तो उजेडाकडं धरून जाहीर करायचे, "हिला हळद लागली."

हा शब्द मी एकदा घरी बोलून गेले. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी विचारू लागली, "आज किती जणींना लागली?" मी आकडा सांगायचे. ती भाकरी थापत म्हणायची, "तुझ्या काचांना रोज लागायलीय हळद. तुला कधी लागायची ते त्या सरांना विचारून सांग."

सर अविवाहित होते. त्यामुळं की काय, त्यांची सगळी वचनं लग्नाची असायची. "एफिशियन्सी म्हणजे लग्नाचा फोटो, नांदेड. स्टॅबिलिटी म्हणजे संसार. फोटो सगळ्यांचाच बरा येतो." वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा पुष्कळ काचा करायची, त्यातली सगळ्यात बरी निघेल तिला विजेती म्हणायची, ताजी असतानाच मोजायची आणि बाकीच्यांबद्दल बोलायची नाही. त्यांचा दर दोन महिन्यांनी सत्कार व्हायचा. सर प्रत्येक सत्काराला जायचे, शाल बघायचे आणि परत येऊन म्हणायचे, "नवरी छान होती."

पिवळी काच पुन्हा तव्यावर ठेवली की परत काळी होते. हे त्या पदार्थाचं मोठं आमिष आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी तसं केलं आणि नवी म्हणून दाखवली. सरांनी काच हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "शिळी भाकरी गरम केलीस होय?" काचेला वास नव्हता. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

ओल्या हवेशी सरांचं वैर घरगुती होतं. लोक खिशाला पेन लावतात, तसा ते हवेतला ओलावा मोजायचा छोटा काटा लावायचे. लग्नात जेवायला बसण्याआधी तो काढून पंगतीचा ओलावा बघायचे. चपलांच्या डब्यात येतात त्या कोरड्या खड्यांच्या पुड्या ते अफझलगंजच्या दुकानांतून मागून आणायचे. सगळीकडं त्याच: पाकिटात, बुटात, पुस्तकांत, जेवणाच्या डब्यात. एकदा मी त्यांच्याकडून एक कादंबरी वाचायला नेली, तर दर तीस पानांना एक पुडी. कादंबरी तशीही कोरडीच होती.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे ते तारीख लिहीत नसत. "तारीख लिहिली की माणूस आठवायचं सोडून देतो." काचेच्या मागं ते पेन्सिलीनं मराठीत एखादा शब्द लिहायचे: 'बरी', 'रडकी', 'पुन्हा'. त्या अख्ख्या इमारतीत मराठी वाचता येणारे आम्ही दोघंच, म्हणून ही आमची गुप्त लिपी आहे, असं त्यांचं म्हणणं. वरच्या मजल्याला आमचं गुपित हवं होतं असा पुरावा कधी मिळाला नाही.

चौथ्या वर्षाच्या जानेवारीत माझी अवस्था अशी होती: शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार, आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण 'टिकाऊपणा' या शीर्षकाखाली कोरं. माझी एकही काच चार दिवसांवर काळी राहत नव्हती. फेब्रुवारीत आढावा समिती यायची होती. समितीला पटेल असं काही दाखवलं तर सहा महिने मुदतवाढ; नाहीतर आहे तेवढं बांधून घरी जायचं, आणि घरी आई हळकुंडं घेऊन बसलेलीच.

त्यातच सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "उन्हात फार काम केलंत का?" सर तो अपमान अजून विसरलेले नाहीत.

ते गेल्यावरच्या सोमवारी मी काचा ठेवायचा डबा उघडला. आमच्याकडं उस्मानिया बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते. एकात बिस्किटं, दुसऱ्यात जुन्या काचा. काचांत शिसं असतं, म्हणून त्या डब्यावर आमच्या शिपाईचाचांनी कवटी काढली होती. ती हसरी आली होती. आत बहुतेक सगळा पिवळा पाचोळा, आणि तळाशी एक काच. काळी कुळकुळीत. मागं पेन्सिलीनं सरांच्या अक्षरात एकच शब्द: 'परवा'.

मी ती उजेडाला धरली. काच हिरकणीनं हातानं कापलेली, एक कड वाकडी. आमच्याकडं काचा कापून तयार यायला लागल्याला बरीच वर्षं झाली होती. हातानं कापणारे सर एकटेच, आणि त्यांना स्वतः काच करताना मी चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

मी डबा उचलून चाचांना विचारलं, "चाचा, ये कब का है?"

"परसों का," चाचा म्हणाले.

हैद्राबादेत परसों म्हणजे काल सोडून मागचा कुठलाही दिवस. इथं माणूस परसों जेवलेला असतो, परसों त्याचं लग्न झालेलं असतं, आणि चारमिनारही परसोंच बांधलेला असतो. आमच्या मराठीनंही ही सवय उचलली आहे. म्हणून मी खोलात शिरले.

"परसों मतलब कब?"

"अरे परसों, बेटी. लिफ्ट बिगडी थी नं, उस टैम."

मी वरंगलकडं पाहिलं. ती माझ्या आधी वर्षभर आलेली. ती हळूच म्हणाली, "अय्यो. लिफ्ट मी आले तेव्हाच बंद होती."

म्हणजे किमान पाच वर्षं. साध्या पत्र्याच्या डब्यात, उघड्या हवेत, पाच पावसाळे काढून ही काच काळी राहिली होती. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा ज्याच्यासाठी रडत होत्या, ते आमच्या हसऱ्या कवटीखाली पडून होतं. मी ती दिव्याखाली धरली. वीज आली. फार नाही, पण दुसऱ्या दिवशी तेवढीच आली, आणि तिसऱ्या दिवशीही. मोजून झालं की मी ती परत डब्यात ठेवायचे आणि डबा होता तिथंच. जिथली वस्तू तिथं, हा आमचा शास्त्रीय बाणा.

आता फक्त कृती हवी होती, आणि ती सरांच्या डोक्यात होती. मी फोन लावला. सरांच्या विधवा बहीण, अक्का, त्यांनी उचलला.

"डोळ्याला पट्टी आहे गं. बोलू नका म्हणालेत."

"पट्टी डोळ्याला आहे ना, अक्का? कानाला नाही."

"मी पण तेच म्हणाले. तर 'हौ' म्हणाला, आणि झोपला."

मी निरोप ठेवला: 'परवा' असं लिहिलेली काच सापडली आहे, कधीची आहे? संध्याकाळी अक्कांचा उलट निरोप आला: "तो म्हणतो, लिहिलंय की त्याच्यावर."

मी प्रकरण लिहायला घेतलं. कृतीची जागा मोकळी सोडून बाकी सगळं लिहिलं. चार वर्षांत इतकं भरभर कधी लिहिलं नव्हतं. आईला सांगितलं, "आमची एक काच पाच वर्षं झाली, काळीच आहे." आई म्हणाली, "बघ, ती पण तुझ्यासारखीच निघाली."

आढाव्याच्या दिवशी सकाळी सर आले. काळा चष्मा काढला, चारी भिंतींकडं पाहिलं आणि दारातच थांबले.

"नांदेड, ह्या भिंती पांढऱ्या आहेत?"

"हो सर. पहिल्यापासून."

"मला वाटलं, सगळ्या खोलीलाच हळद लागलीय." मग पडद्याकडं वळून, "आणि हा निळा आहे? मी दहा वर्षं ह्याला हिरवा म्हणालो. कुणी बोललं कसं नाही?"

वरंगल म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुमच्याकडं निळ्याला तसंच म्हणतात."

मी कृतीचं विचारणार, तेवढ्यात समिती जिन्यावरून उतरली. लिफ्ट बंदच होती.

समितीचे अध्यक्ष पुण्याहून आले होते. स्वच्छ माणूस, स्वच्छ मराठी. तळघरात मराठी माणसं भेटल्याचा त्यांना इतका आनंद झाला की ते आमच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलू लागले. चाचांनी चहा दिला. अध्यक्षांनी टेबलावरची एक छोटी पुडी फाडून चहात ओतली आणि चमच्यानं ढवळू लागले. खडे काही विरघळेनात.

"साखर जरा निराळी दिसते आपल्याकडची," ते म्हणाले.

"ती साखर नाही साहेब, ती हवा कोरडी करायची," सर म्हणाले. "पण काही होत नाही. पोट कोरडं राहील." आणि त्यांचा कप स्वतःच्या हातानं बदलून दिला.

मी उभी राहिले. काच दाखवली. ती हातोहात फिरली. उघड्या हवेत पाच वर्षांहून जास्त, मी म्हणाले. खोलीतला ओलावा किती ते टेबलावरच्या काट्याप्रमाणं लिहिलेलं आहे. समितीतल्या एकानं चष्मा पुसला. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचे प्रमुखही पाहुणे म्हणून आले होते; त्यांनी काच हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही. असा क्षण चार वर्षांत आमच्या तळघरात आला नव्हता.

काच अध्यक्षांकडं पोचली. त्यांनी ती उलटी केली. "परवा," त्यांनी वाचलं. "म्हणजे, दोन दिवसांपूर्वी?"

"नाही सर," मी म्हणाले. "हैद्राबादेत परवा म्हणजे मागं कधीही." मी त्यांना परसोंचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ते हसले. "म्हणजे कालगणनेचं हे आपलं स्थानिक एकक आहे तर."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी हात पुढं करून काच घेतली, नव्या डोळ्यांनी अगदी लांब धरून पाहिली, आणि त्यांना ती ओळखू आली.

"हे मागचं परवा नव्हे," ते म्हणाले. "पुढचं."

"म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"परवा मोजायची, म्हणून लिहून ठेवलं. माझं ऑपरेशन मधेच आलं, ती राहून गेली."

मी सरांकडं पाहत होते. आत्ता गप्प बसा, एवढंच माझ्या डोळ्यांत होतं, आणि त्यांचे डोळे आता अगदी स्वच्छ होते. त्यांना ते वाचता आलं असणार.

"मग केलीत कधी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मंगळवारी. अडीच आठवडे झाले. ह्या दोघी अफझलगंजच्या लायब्ररीत जातो म्हणून नामपल्लीच्या प्रदर्शनात पाळण्यात बसायला गेल्या होत्या, त्या दिवशी. खोली मोकळी होती, म्हणून म्हटलं, एक आपल्या हातानं करून बघावी."

माझी पाच वर्षं अडीच आठवड्यांवर आली, आणि वर पाळणाही निघाला.

वरच्या मजल्याचे प्रमुख सैलावून बसले. अध्यक्षांनी सभ्यपणानं वहीत काहीतरी खोडलं. "अडीच आठवडेसुद्धा कमी नाहीत," ते म्हणाले. "यांच्या काचा चार दिवस टिकतात ना? ही ठेवली कुठं होती?"

"डब्यात," मी म्हणाले.

"आणि डबा?"

कप गोळा करणारे चाचा आनंदानं पुढं झाले. इतक्या मोठ्या लोकांत त्यांना येणारा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. "ओवन पे रहता साब. दोनों डब्बे उपर रखा मैं. लिफ्ट बिगडी थी नं, उस टैम से. नीचे बिस्कुटां नरम हो जाते थे. अब देखो, कैसे कडक रहते." आणि पुराव्यादाखल त्यांनी बिस्किटांचा डबा उघडून अध्यक्षांपुढं धरला.

काचा धुऊन वाळवायचा तो ओव्हन दिवसरात्र चालू असायचा. त्याचा वरचा पत्रा कायम कोमट. खोलीतला ओलावा मी टेबलावर मोजत होते आणि माझी काच बिस्किटांच्या शेजारी शेक घेत बसली होती. परसोंचं म्हणाल, तर चाचांनी मला डब्याचं वय सांगितलं होतं. मी डबाच तर हातात धरला होता.

अध्यक्षांनी बिस्कीट मोडलं. टच्च आवाज झाला. "खरोखर कडक आहे," ते म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेतल्या टिकाऊपणाचा तो एकमेव सिद्ध झालेला निष्कर्ष होता.

समिती गेल्यावर मी जिन्यात बसून राहिले. सर आले, रुमाल झटकून शेजारच्या पायरीवर बसले आणि सवयीनं खिशातला काटा काढून जिन्यातला ओलावा बघितला.

"सर, गप्प बसता आलं असतं," मी म्हणाले.

"हौ. आलं असतं."

"मग?"

"मग तू मला कृती विचारली असतीस. आणि ती मला आठवते, हीच तर परेशानी." पुढं म्हणाले, "खोटी काच फार टिकते गं. तिला ना दमट हवा लागते ना ऊन. वरचे लोक बघ, कसे टिकलेत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चार दिवसवाली तुझी आहे. तिच्यावर काम कर. रडून जिन्यातला ओलावा वाढवू नक्को."

"मी रडत नाहीये."

"काटा हललाय."

मी काट्याकडं पाहिलं. खरंच हलला होता.

संध्याकाळी समितीचं पत्र आलं. सहा महिने मुदतवाढ. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'मार्गदर्शकांचा प्रामाणिकपणा व विद्यार्थिनीच्या निरीक्षणातील त्रुटी लक्षात घेता.' मी ते आईला वाचून दाखवलं. "त्रुटी म्हणजे?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "पाळणा."

सरांनी त्या काचेवर काळ्या थरावर एका प्लास्टिकसारख्या पदार्थाचा अगदी पातळ पापुद्रा चढवला होता. ऑपरेशनला जायच्या आधी त्यांना तेवढंच करून बघायचं होतं. जमलं तर मला सांगायचं, नाही जमलं तर सांगायचं नाही. आता प्रश्न असा उरला, की त्या अडीच आठवड्यांचं श्रेय पापुद्र्याला किती आणि बिस्किटांच्या शेजाराला किती. सहा महिने मी तेवढंच केलं. निम्म्या काचा ओव्हनवर, निम्म्या टेबलावर. निम्म्यांना पापुद्रा, निम्म्यांना नाही. सगळ्यांवर तारीख, महिना, वर्ष आणि वेळ. सर येता-जाता तारखा वाचायचे आणि एखाद्या सज्जन माणसाला बिडी ओढताना पाहावं तसा चेहरा करायचे.

पावसाळ्यात, टेबलावर, पापुद्र्याची काच अकरा दिवस काळी राहिली. जगानं त्याची दखल घेतली नाही. बाराव्या दिवशी सरांनी ती उजेडाला धरली, नव्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हिला हळद लागली. पण मुलगी चांगली होती." प्रबंध मंजूर झाला. ऋणनिर्देशात चाचांचं नाव आहे, आणि ओव्हनच्या वरच्या पत्र्याचाही उल्लेख आहे.

पुढं सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात वरच्या मजल्याच्या प्रमुखांनी त्यांना 'सूर्योपासक' म्हटलं आणि शाल दिली. सरांनी शालीच्या घडीत एक पुडी सरकवली.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "नांदेड, ऐक. मीसुद्धा गच्चीवर सोलर घेतलं."

मला भरून आलं. "आपलं, सर? पेरोव्हस्काइट?"

"पागल झालीस का? सिलिकॉन. पंचवीस वर्षं टिकतं म्हणतात."

"कधी बसवलं?"

"परवा," ते म्हणाले.

रविवारी मी मुद्दाम बघायला गेले. सर खाली पडदा ओढून बसले होते; वर चल म्हटलं तर म्हणाले, ऊन आहे. मी एकटीच जिना चढून गच्चीवर गेले. तिथं सोलरचा पत्ता नव्हता; नुसते अक्कांचे पापड वाळत होते.